पंचाची सही

बीडहून पहाटेची एसटी धरली की गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल, पाचोडच्या मोसंबीच्या बागा असं करत नऊच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकात उतरता येतं. या वेळी ताई सोबत होती. ती पंचवीस वर्षांपासून न्यू जर्सीत, एडिसन गावी राहते आणि आता तिथली नागरिक आहे. दर खेपेला आली की वेरूळ किंवा अजिंठा ठरलेलं असतं. यंदा म्हणाली, "लेणी हजार वर्षं थांबलीत, अजून थांबतील. मला कोर्ट दाखव."

तिच्या म्हणण्याला कारण होतं. आदल्या वर्षी तिच्या घरी ज्युरीचं समन्स आलं होतं. न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात बसून तिने एका अनोळखी माणसाच्या दोष-निर्दोषाचा निर्णय इतर अकरा जणांबरोबर केला. परक्या देशाचं कोर्ट आतून पाहिलं आणि आपल्या मुलखातलं फक्त सिनेमात, ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. मलाही जायचंच होतं. माझं कारण वेगळं होतं, ते पुढे सांगतो.

क्रांती चौकाकडून बाबा पेट्रोलपंपाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नावच अदालत रोड. जिल्हा व सत्र न्यायालय इथेच. दहा वाजल्यापासून फाटकाबाहेर टंकलेखकांची टेबलं, तिकीट-फॉर्म विकणारे, झेरॉक्सवाले आणि चहाच्या टपऱ्या गजबजतात. काळ्या कोटातला वकील चालता चालता पक्षकाराला काहीतरी समजावत असतो आणि पक्षकार धोतराचा सोगा सावरत त्याच्या मागे. अदालत, वकील, फिर्याद, मुद्देमाल, मुचलका, जामीन, तहकूब असं निम्मं कोर्ट आपल्याकडे अरबी-फारसी शब्दांवर उभं आहे. मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याचा कारभारच उर्दूतून चालायचा. जुन्या जमिनींचे वाद निघाले की आजही उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो. आता खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. म्हणजे गावातल्या साक्षीदाराने मराठीत सांगितलेलं सत्य अपिलात गेल्यावर इंग्रजीत वाचलं जातं. सांगणाऱ्याचा सूर त्या कागदावर उतरत नाही, आणि मला ही लहानसहान बाब वाटत नाही.

दारापाशी ताई थबकली. "असं कुणालाही आत जाता येतं?" येतं. फौजदारी न्यायालय कायद्याने खुलं असतं. बलात्कारासारखे बंद दाराआड चालणारे खटले सोडले, तर जागा असेल तिथे कुणीही शांतपणे बसू शकतो. आपण बसत नाही, कारण आपल्या घरी शिकवण अशी की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तिथे काय चालतं हे ठाऊक नसण्याचं एक मोठं कारण हीच शिकवण आहे, आणि ती आता टाकून द्यावी असं मला वाटतं.

आम्ही एका प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दालनात मागच्या बाकावर बसलो. पुकारा होत होता. दोन पोलीस एका तरुणाला घेऊन आले. तोंडाला रुमाल, पायात चप्पल. दुचाकी चोरीचा संशय. न्यायाधीशांनी आधी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" तो नाही म्हणाला. "वकील आहे का?" त्याने मान हलवली, नाही. तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाकडच्या वकिलांना पुढे बोलावलं गेलं. तपास अधिकाऱ्याने कोठडी का हवी ते सांगितलं, वकिलांनी हरकत घेतली, दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. बाहेर व्हरांड्यात त्याची आई कुणाला तरी फोनवर सांगत होती, "पीसीआर झाला."

त्या सात-आठ मिनिटांत बरंच काही दडलेलं असतं. अटक झाल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. हा संविधानाच्या अनुच्छेद २२ चा हुकूम आहे. अटकेची कारणं सांगणं, नातलगाला कळवणं, हेही बंधनकारक. पोलीस कोठडी म्हणजे पीसीआर, न्यायालयीन कोठडी म्हणजे एमसीआर. पहिलीत माणूस पोलीस ठाण्याच्या ताब्यात, दुसरीत तुरुंगात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आता हे १५ दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या वजनाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येतात. दोषारोपपत्राला मुदत ६० दिवसांची, गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांची. मुदत उलटली आणि कागद आले नाहीत, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. तो मागावा मात्र लागतो. वकील नसलेल्याला हे सांगणार कोण?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात मिळालं. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यातला अजमल कसाब याचं अपील २०१२ मध्ये निकाली काढताना सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, आणि त्याच निकालपत्रात बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर उभा राहताच, त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः सांगितलं पाहिजे. आमच्या डोळ्यांसमोर त्या पोराला विचारलेला प्रश्न तिथून आलेला आहे. ताईने तिकडची जोड सांगितली. फ्लोरिडात क्लेरन्स गिडियन नावाच्या गरीब कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला, आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गंभीर गुन्ह्यात ऐपत नसलेल्याला राज्याने वकील दिलाच पाहिजे. तिकडे त्यातून पब्लिक डिफेंडरची कार्यालयं वाढली. आपल्याकडे लोकअभिरक्षक कार्यालयं आता कुठे जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहत आहेत.

जामिनाबाबत ताईचं राज्य बरंच पुढे गेलेलं आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी पैसे भरले तर माणूस बाहेर, नाहीतर आत. न्यू जर्सीने १ जानेवारी २०१७ पासून पैशाचा जामीन जवळपास बंद केला. माणूस पळून जाईल का, कुणाला धोका आहे का, याची तपासणी करून ४८ तासांत सोडायचं की कसं ते ठरवतात. सरकारला त्याला आतच ठेवायचं असेल तर तशी वेगळी सुनावणी. आत ठेवलं तर ९० दिवसांत आरोप निश्चित व्हायला हवा आणि त्यानंतर १८० दिवसांत खटला उभा राहायला हवा, असा तिथला नियम, त्यात काही कारणांनी सवलत धरलेली. आपल्याकडे दोषारोपपत्राला घड्याळ लावलेलं आहे, खटला संपण्याला तसं लावलेलं नाही. सगळ्यात मोठा फरक मला इथेच दिसतो.

दुसरा फरक कबुलीजबाबाचा. तिकडे पोलिसांनी 'गप्प बसण्याचा तुला हक्क आहे' अशी सूचना दिली, मग आरोपीने गुन्हा कबूल केला, तर ती कबुली ज्युरीपुढे ठेवता येते. ही सूचना १९६६ च्या मिरांडा निकालातून आली. आपल्याकडे सर्वसाधारण कायद्यात पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत शून्य. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात केलेला हा नियम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. पोलिसांवर विश्वास नसलेल्या राज्यकर्त्यांनी तो केला आणि स्वतंत्र देशाने जपला. त्यात अपवाद एकच. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सापडण्यापुरतं त्याचं सांगणं चालतं. ते निवेदन लिहिलं जातं पंचांसमोर, आणि वस्तू काढून दिली जाते तीही पंचांसमोर.

इथे माझं कारण येतं.

जेवणानंतर आम्ही सत्र न्यायालयाच्या दालनात गेलो, तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक पंचच उभा होता. साठीचा माणूस, बहुधा किराणा दुकानदार. सरकारी वकिलांची सरतपासणी संपली होती, उलटतपासणी चालू होती. पंचनामा कुठे लिहिला, ठाण्यात की जागेवर? कोयत्याला सील लावलं तेव्हा तुम्ही तिथेच होता का? कागद वाचून दाखवला का? माणूस आठवायचा प्रयत्न करत होता, आणि मध्येच म्हणाला, "सही माझीच आहे साहेब." मी मान खाली घातली. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी असाच उभा होतो. शेजारच्या घरफोडीत मला पंच म्हणून बोलावलं होतं. रात्रीचे अकरा वाजलेले, घरी जायची घाई. चार पानांच्या पंचनाम्यावर मी न वाचता सही केली. खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलाने तिसऱ्या पानावरची एक ओळ विचारली. त्यात अंगठीचं वर्णन होतं, आणि अंगठी मी पाहिलेलीच नव्हती. जे घडलं तेच मी सांगितलं. पण खरं सांगूनही मी तो पुरावा मोडला होता, कारण सही करताना मी माझं काम केलं नव्हतं. आरोपी सुटला. त्याने केलं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. न्याय फिर्यादीलाही मिळाला नाही आणि आरोपीलाही निखालस निर्दोष ठरता आलं नाही, ही टोचणी मी तेव्हापासून घेऊन फिरतो आहे.

संध्याकाळी खोलीवर ताईला हे सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने तिची ज्युरीची गोष्ट सांगितली.

पहिल्या वेळी ती दिवसभर एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो लोकांबरोबर बसली आणि चार वाजता घरी पाठवलं. आरोपीने सरकारी पक्षाशी बोलणी करून कमी गंभीर गुन्हा कबूल केला होता. त्याला प्ली बार्गेनिंग म्हणतात. अमेरिकेत दोषी ठरणाऱ्या दहातले नऊहून अधिक जण असेच ठरतात, खटला न चालता. आपल्याकडे ही सोय २००६ पासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे सोडून, पण तिचा वापर तुरळकच. तिकडच्या पद्धतीत काम झटपट उरकतं हे खरं. पण खटल्यात हरलो तर फार मोठी शिक्षा होईल या भीतीने न केलेला गुन्हाही कबूल करणारी माणसं तिथे निघाली आहेत. ते मोल मला जड वाटतं.

दुसऱ्या वेळी तिची निवड झाली. त्याआधी न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात. घरात कुणी पोलीस आहे का, तुमच्यावर कधी गुन्हा घडला का, पोलिसाची साक्ष इतरांपेक्षा जास्त खरी मानाल का. खटला चालला तितके दिवस तिने घरी भाऊजींनाही एक अवाक्षर सांगितलं नाही, वर्तमानपत्र उघडलं नाही. शेवटी न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगितला आणि बारा जण खोलीत बंद. गंभीर गुन्ह्यात बाराच्या बारा जणांचं एकमत व्हावं लागतं. २०२० पासून सगळ्या राज्यांत एकमताचा नियम आहे. "पहिल्या मतदानात आम्ही आठ-चार होतो," ती म्हणाली. "दोन दिवस बोलत होतो. मला समजलं की 'वाजवी शंका' हा शब्द किती जड आहे." निकाल काय लागला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ज्युरी आपल्याकडेही होती. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या १९५९ च्या मुंबईतल्या खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वर्तमानपत्रांनी आणि रस्त्यावरच्या गर्दीने ज्युरीचं मत आधीच बनवलं होतं, असं तेव्हा म्हटलं गेलं. ज्युरी त्याआधीच अनेक ठिकाणी मागे पडत चालली होती. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा उरली नाही. जात, गाव, भावकी यांच्या गाठी पाहता ज्युरी गेली ते बरंच झालं असं मला वाटतं. पण तिच्याबरोबर सामान्य माणसाचा न्यायदानातला वाटाही गेला असं मी समजत होतो, आणि त्या रात्री ताईशी बोलताना माझी समजूत बदलली. वाटा गेलेला नाही. तिकडे सामान्य माणूस खटल्याच्या शेवटी येतो, निकाल द्यायला. आपल्याकडे तो सुरुवातीला येतो, पंच म्हणून. झडतीला परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असं कायदा म्हणतो. दुकानदार, शिक्षक, शेतकरी. पुरावा जन्माला येतो त्या क्षणी पोलिसांच्या बाजूला उभा राहून पाहणारे समाजाचे डोळे ते. ताईला ज्युरीसाठी न्यायाधीशांनी समजावून सांगितलं. मला पंच म्हणून कुणी काहीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जालना रोडने उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेलो. ओळखपत्र दाखवून प्रवेशपास घ्यावा लागतो. आवार मोठं, झाडं आणि हिरवळ राखलेली. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण निकालपत्रांवर खंडपीठाचं नाव औरंगाबादच वाचलं. १९८४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने कायमचं खंडपीठ झालं ते त्याच नावाने. त्यामागची गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. १९५६ आधी आमचं उच्च न्यायालय हैदराबाद. नंतर मुंबई. बीडच्या शेतकऱ्याला अपिलासाठी चारशे किलोमीटर. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली २७ ऑगस्ट १९८१ पासून इथे न्यायमूर्ती बसवले. त्याला आव्हान मिळालं, मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्दही केली, पण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं ते याच कलमाच्या आधारावर. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वकिलांनी लढून उघडलेल्या वाटेने आज कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे लोक चालत आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

फौजदारी कामकाजाच्या फलकावर ताईला एक शब्द अडला: निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील. अमेरिकेत ज्युरीने एकदा निर्दोष म्हटलं की सरकारला त्यावर अपील नाही, संपलं. आपल्याकडे राज्य अपील करू शकतं, आणि आता पीडितालाही तो हक्क आहे. सत्र न्यायालयाने फाशी दिली तर उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, मग आरोपीने अपील केलेलं असो वा नसो. खटला चालण्याआधीच गुन्हा रद्द करण्याचाही अधिकार इथे आहे. २१ ऑगस्ट २०२० रोजी याच खंडपीठाने, टाळेबंदीच्या काळात अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवर नोंदवलेले गुन्हे रद्द केले. संविधानाचा अनुच्छेद २१ फक्त नागरिकाला नाही, या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देतो.

परतायच्या आधी रिक्षाने दिल्ली दरवाजावरून हर्सूलला गेलो. मध्यवर्ती कारागृह बाहेरूनच पाहिलं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी खटल्याची वाट पाहणारा काउंटीच्या जेलमध्ये, मोठी शिक्षा झालेला राज्याच्या प्रिझनमध्ये, जागाच निराळ्या. आपल्याकडे दोघे बहुधा एकाच भिंतीआड, बराकी वेगळ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी होते. शंभरातले पंचाहत्तरांहून अधिक अजून दोषी ठरलेलेच नव्हते. नव्या संहितेत पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडावं, असं कलम आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले वगळून. फाटकाबाहेर झाडाखाली चार बायका डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ताई त्यांच्याशी बोलायला गेली. परत आल्यावर वाटेत फार बोलली नाही.

एवढं लिहिलं ते एका विनंतीसाठी. तुम्हाला कधी पंच म्हणून बोलावलं तर जा. झडतीला लेखी आदेशाने बोलावूनही वाजवी कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हाच आहे. पण गेल्यावर घाई करू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेच कागदावर आहे का, ते प्रत्येक पान वाचून पाहा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, चुकीची ओळ दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नका. आता झडतीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, ते चालू आहे का ते विचारा. घरी येऊन तारीख, वेळ, जागा आपल्या वहीत टिपून ठेवा, कारण समन्स काही वर्षांनी येईल. आलं की हजर राहा, प्रवासाचा भत्ता मागता येतो. आणि तुमच्या ओळखीचं कुणी कोठडीत असेल आणि वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. फोनचा क्रमांक १५१००.